सेइनॅयोकीचं संरक्षक दल आणि त्याचं लाकडी घर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिनलंडला येणारे वास्तुकलेचे मराठी चाहते फिनिश वास्तुकार आल्वार आल्तोचं काम बघायला सेइनॅयोकीपर्यंत जातात, पांढऱ्या चर्चचे आणि ग्रंथालयाचे फोटो काढतात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात. त्याच गावात त्याच आल्तोने ऐन पंचविशीत आखलेलं एक लाकडी घर आहे. तिकडे फारसं कोणी वळत नाही. ते घर दोन महायुद्धांच्या मधल्या काळात एका सशस्त्र स्वयंसेवक दलासाठी बांधलं होतं. तिथे बंदुका होत्या, आणि गाणीबजावणी, नाटकं, कॉफीही होती. त्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची ही उत्तरं.

सेइनॅयोकी आहे तरी कुठे?

फिनलंडच्या पश्चिमेला, दक्षिण ओस्त्रोबोथ्निया नावाच्या सपाट, शेतीच्या मुलखात. हेलसिंकीहून आगगाडीने साधारण तीन तास. आज वस्ती पासष्ट हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढी. अठराव्या शतकाच्या अखेरीस इथे लोखंडाचा कारखाना निघाला होता, पण गावाला खरा जीव आला तो 1883 मध्ये रेल्वे आल्यावर. पुढे फाटे फुटत गेले आणि सेइनॅयोकी जंक्शन झालं. दौंड किंवा मनमाडचं जे रेल्वेशी नातं, तेच याचं. हे जंक्शन असणं लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

‘सुओयेलुसकुंता’ म्हणजे काय?

‘सुओयेलु’ म्हणजे संरक्षण. ‘कुंता’ म्हणजे समुदाय, मंडळ. आजही फिनिश भाषेत ‘कुंता’ हा शब्द ग्रामपंचायत-नगरपालिका या अर्थाने रोजच्या बोलण्यात असतो. म्हणजे शब्दातच गाव आहे. या पानावर आपण ‘संरक्षक दल’ किंवा नुसतं ‘दल’ म्हणू.

हे दल सैन्य होतं, पोलीस होतं की एखादी संघटना?

तिन्हींचं थोडं थोडं, आणि काळाप्रमाणे बदलत गेलेलं. सुरुवात 1917 मध्ये झाली. फिनलंड तेव्हा रशियन साम्राज्यात होता. रशियात झारची सत्ता कोसळली, फिनलंडमधली जुनी पोलीस यंत्रणा तिच्यासोबत गेली आणि गावोगावी लोकांनी आपापली पथकं उभारली. बरीचशी पथकं उघडपणे अग्निशमन दल म्हणवून घेत. बंब चालवायला एवढी नेमबाजी कशाला लागते, हे कोणी विचारत नसे.

गृहयुद्धानंतर, ऑगस्ट 1918 मध्ये, सरकारने वटहुकूम काढून दलाला कायदेशीर रूप दिलं आणि 1927 च्या डिसेंबरात स्वतंत्र कायदाच झाला. सतरा वर्षांपुढच्या पुरुषाला स्वेच्छेने सभासद होता येई. राष्ट्राध्यक्ष सर्वोच्च सेनापती, त्यांच्या हाताखाली दलाचा प्रमुख, मग जिल्हे, मग गावं. दल सैन्याच्या बाहेर राहिलं, पण सैन्याला पूरक म्हणून. सभासद दिवसा शेती, दुकान, शाळामास्तरकी करत आणि संध्याकाळी, रविवारी कवायत. 1930 च्या दशकात असे सुमारे एक लाख पुरुष होते. देशाची लोकसंख्या पस्तीस लाखांच्या आसपास होती, म्हणजे जवळपास प्रत्येक गावात दलाची शाखा असणार. सेइनॅयोकी हे दक्षिण ओस्त्रोबोथ्निया जिल्ह्याचं मुख्य ठिकाण.

1918 मध्ये नेमकं काय झालं? सगळे त्याच वर्षाचं नाव का घेतात?

कारण त्याशिवाय या घरातली एकही खुर्ची समजत नाही.

6 डिसेंबर 1917 ला फिनलंड स्वतंत्र झाला. पुढच्या दोन महिन्यांत देश दुभंगला. एका बाजूला ‘लाल’: कामगार, भूमिहीन, कुळं, आणि समाजवादी पक्ष. दुसऱ्या बाजूला ‘पांढरे’: जमीनधारक शेतकरी, मध्यमवर्ग, सरकार. 25 जानेवारी 1918 रोजी सरकारने संरक्षक दलांना सरकारी सैन्य घोषित केलं. दोनच दिवसांनी लालांनी हेलसिंकीत सत्ता घेतली. त्याच रात्री पांढऱ्यांनी ओस्त्रोबोथ्नियातल्या रशियन पलटणींची हत्यारं काढून घ्यायला सुरुवात केली. सरकारमधले काही मंत्री निसटून वासा या बंदराच्या शहरात पोहोचले आणि तिथून कारभार चालू झाला. वासापासून सेइनॅयोकी रेल्वेने जवळ, आणि सगळे रूळ तिथूनच फुटलेले. त्यामुळे पांढऱ्यांचा सेनापती मान्नरहाइमने फेब्रुवारीत आपलं मुख्यालय सेइनॅयोकीत आणलं. जंक्शन ज्याच्या हातात, त्याच्याकडे माणसं, दाणागोटा आणि तोफा लवकर पोहोचतात, एवढं साधं गणित होतं.

एप्रिलच्या सुरुवातीला ताम्पेरे हा लालांचा बालेकिल्ला पडला आणि मेच्या मध्यापर्यंत युद्ध संपलं. मरण लढाईपुरतं थांबलं नाही. दोन्हीकडून कैद्यांना आणि निःशस्त्र माणसांना गोळ्या घातल्या गेल्या, पांढऱ्यांनी पुष्कळ जास्त. त्यानंतर सुमारे 80,000 लाल कैदी छावण्यांत कोंडले गेले आणि त्यातले बारा हजारांहून जास्त भुकेने आणि साथीने गेले. एकूण मृत्यू छत्तीस ते अडतीस हजार. एकतीस लाखांच्या देशात, पाच-सहा महिन्यांत.

ओस्त्रोबोथ्नियात पांढऱ्यांचं बहुमत होतं. इथला शेतकरी स्वतःच्या जमिनीचा मालक, कुळं कमी. म्हणून इथे या युद्धाला कित्येक दशकं ‘स्वातंत्र्ययुद्ध’ म्हटलं गेलं. कामगारांच्या घरांत त्याचं नाव वेगळं होतं. एकाच घटनेला दोन नावं असली की गावात दोन दिनदर्शिका होतात. दरवर्षी 16 मेला, मान्नरहाइमच्या हेलसिंकीतल्या विजयी प्रवेशाच्या स्मरणार्थ, दलाची संचलनं निघत. त्या दिवशी अर्धं गाव झेंडे घेऊन रस्त्यावर असे आणि अर्धं खिडक्या लावून आत.

दलाला घर बांधायची गरज का पडली?

कवायतीला मैदान पुरतं, पण फिनलंडमध्ये सहा महिने मैदानावर बर्फ असतो. जिल्ह्याचं कार्यालय हवं, बंदुका कुलपात ठेवायला जागा हवी, अधिकाऱ्यांना निवास हवा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शंभर-दोनशे माणसं एकत्र बसतील असं सभागृह हवं.

शिवाय त्या काळच्या फिनलंडमध्ये संस्था म्हणजे घर, हे समीकरण पक्कं होतं. 1881 मध्ये याच मुलखातल्या काउहावा गावात देशातलं पहिलं युवक मंडळ निघालं आणि लवकरच गावोगावी युवक मंडळांची घरं झाली. शतक बदलताना कामगारांची घरं उभी राहिली. अग्निशमन दलांची घरं होतीच. संरक्षक दलाची घरं या रांगेत शेवटची आली. लाकूड कोणी आपल्या रानातलं द्यायचं, सुतारकाम कोणी करायचं, बायकांनी स्वयंपाक करायचा. फिनिशमध्ये याला ‘ताल्कोत’ म्हणतात, आपण श्रमदान म्हणतो. अशी देशभर कित्येक घरं झाली. बहुतेक साधी. सेइनॅयोकीचं मात्र जिल्ह्याच्या मानाला साजेसं हवं होतं.

आल्तोसारख्या माणसाने असल्या संघटनेचं काम का घेतलं?

पहिलं म्हणजे हे काम हाती आलं तेव्हा, 1924 मध्ये, तो ‘आल्तोसारखा माणूस’ झालेला नव्हता. जन्म 1898 चा, सेइनॅयोकीजवळच्या कुओर्ताने गावातला. वर्षभरापूर्वी युवॅस्क्युलॅ शहरात कार्यालय थाटलेलं आणि हाताला काम हवं होतं. आईवडलांच्या आलायार्वीतलं युवक मंडळाचं घर हे त्याच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक. सेइनॅयोकीचं काम त्याच ओळखीपाळखीच्या मुलखातलं होतं.

दुसरं, तो त्या बाजूचाच होता. 1918 मध्ये शिक्षण अर्धवट टाकून तो पांढऱ्यांकडून लढला. लान्किपोह्या आणि ताम्पेरेच्या लढाईत होता.

पण त्याच्यावर शिक्का मारायची घाई करू नका. याच वर्षांत, युवॅस्क्युलॅमध्ये, त्याने कामगारांचं घर बांधलं. ते 1925 मध्ये उघडलं: खाली खांबांच्या ओळीत उपाहारगृह, वर जवळपास बंद भिंतींचं नाट्यगृह. इटलीचा वास स्पष्ट येतो, कारण 1924 मध्ये लग्न झाल्यावर तो आणि आइनो मधुचंद्राला इटलीलाच गेले होते. आणि 1929 मध्ये त्याच युवॅस्क्युलॅत त्याने संरक्षक दलाचंही घर पूर्ण केलं. लाल आणि पांढरे एकमेकांच्या घरी चहाला जात नव्हते, पण त्यांच्या घरांचा आराखडा एकाच मेजावर होत होता. हा संधिसाधूपणा होता की व्यवसाय, यावर अजून वाद घालता येतो. माझं मत विचाराल तर त्याला सभागृहं बांधायची होती, आणि त्या काळी सभागृहं या दोघांनाच हवी होती.

सेइनॅयोकीचं घर दिसतं कसं?

1926 मध्ये पूर्ण झालेलं, लाकडी, मधल्या अंगणाभोवती रचलेलं. दुरून एखाद्या इटालियन वाड्यासारखं मोजूनमापून केलेलं, जवळ गेल्यावर सगळं लाकडाचं. आल्तोच्या नंतरच्या वळणदार भिंती इथे शोधू नका. ही त्याची अभिजात शैलीची वर्षं.

बंदुकांच्या घरात गाणी आणि नाटकं कशासाठी?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि उत्तर दोन भागांत आहे.

पहिला भाग पैशाचा. सरकार अनुदान देई, पण ते पुरत नसे. गणवेश बहुतेकांनी स्वतःच्या पैशाने शिवायचा. बाकीचा पैसा लोकांकडूनच यायचा: सोडती, हस्तकलेच्या वस्तूंचे बाजार, आणि मुख्य म्हणजे ‘इल्तामात’. इल्तामात म्हणजे संध्याकाळचा करमणुकीचा कार्यक्रम. त्याचा साचा ठरलेला असे. आधी स्वागत, मग देशभक्तीचं भाषण, मग समूहगान, कवितावाचन, पोरांची कसरत, एकांकिका, मधे कॉफी आणि बन, आणि शेवटी ज्यासाठी निम्मे लोक आलेले असत तो नाच. आपल्या गणेशोत्सवातल्या जुन्या कार्यक्रमांची आठवण यावी असाच. भाषणाच्या वेळी मागच्या बाकांवर कुजबुज होते, हेही दोन्हीकडे सारखं.

कॉफीचं कारण वेगळंही आहे. 1919 ते 1932 फिनलंडमध्ये दारूबंदी होती. चोरटी दारू किनाऱ्यावरून भरपूर यायची, पण संस्थेच्या अधिकृत कार्यक्रमात कॉफीच.

दुसरा भाग माणसांचा. फक्त कवायतीसाठी माणूस वर्षभर, पगाराशिवाय, येत राहत नाही. बँडमध्ये शिंग वाजवायला मिळतं म्हणून एक येतो, नाटकात काम मिळतं म्हणून दुसरा, स्कीच्या शर्यतीसाठी तिसरा, आणि नाचात एक विशिष्ट मुलगी असते म्हणून चौथा. दलाच्या पुढाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. पितळी वाद्यांचा ताफा, पुरुषांचं गायकवृंद, नाट्यमंडळ, वाचनालय, नेमबाजीचा आणि जिम्नॅस्टिक्सचा गट हे सगळं एकाच छपराखाली आलं. तीन पिढ्यांना त्यात जागा होती: बाप दलात, आई लोट्टांत (म्हणजे दलाच्या भगिनी संघटनेत), मुलगा मुलांच्या तुकडीत, मुलगी छोट्या लोट्टांत. रविवारी चर्च, चर्चनंतर मैदान, संध्याकाळी सभागृह. आठवडा भरून जायचा.

म्हणूनच जुन्या लोकांच्या आठवणीत ही घरं हळवेपणाने येतात. त्यांना बंदूक आठवत नाही, फरशीवर मेण घासून नाचाची तयारी केलेली आठवते.

लोट्टा कोण होत्या?

लोट्टा स्वार्ड ही दलाची भगिनी संघटना. नाव राष्ट्रकवी रुनेबेर्यच्या एका कवितेतल्या पात्रावरून घेतलं आहे. ती सैनिकाची बायको, जी नवरा पडल्यावरही रणांगणावर जखमींची आणि तहानलेल्यांची काळजी घेत राहते. 1920 च्या सुमारास गावोगावच्या महिला गटांना एका छत्राखाली आणून ही संघटना झाली. राखाडी पोशाख, पांढरी कॉलर, दागिने नाहीत. कामाचे चार विभाग होते: शुश्रूषा, भोजन, साहित्य, आणि निधी व कचेरी. 1929 पासून शेवटपर्यंत फानी लुउक्कोनेन या शिक्षिका तिच्या अध्यक्ष होत्या.

माझ्या मते या घराचं सांस्कृतिक आयुष्य खरं चालवलं ते लोट्टांनी. भाषण पुरुष करायचे. वाटाण्याचं सूप शिजवणं, तिकिटं विकणं, पडदे शिवणं, हिशेब लिहिणं बायकांकडे होतं. पण त्यातून शेतकऱ्याघरच्या बाईला घराबाहेरचं एक मान्यताप्राप्त काम मिळालं, शंभर माणसांचा स्वयंपाक वेळेवर उतरवण्याचं तंत्र मिळालं, सभेत उभं राहून बोलायची सवय मिळाली. पुढे दुसऱ्या महायुद्धात हेच उपयोगी पडलं. इस्पितळं, आघाडीजवळच्या खानावळी, विमानं हेरायचे मनोरे, टेलिफोन, टपाल, सगळीकडे लोट्टा होत्या, आणि त्या निःशस्त्र असत. युद्धात सुमारे तीनशे लोट्टांचा मृत्यू झाला. 1944 मध्ये छोट्या मुली धरून सभासदसंख्या दोन लाखांवर होती.

लोट्टांच्या बिल्ल्यावर स्वस्तिक कसं?

दारावर रांगोळीत स्वस्तिक काढणाऱ्यांना हा प्रश्न पडणारच. बिल्ल्यावर निळं स्वस्तिक आणि कोपऱ्यांत गुलाब आहेत. नक्षी 1921 ची. फिनलंडच्या हवाई दलाने हे चिन्ह त्याआधीच घेतलेलं होतं: मार्च 1918 मध्ये एरिक फॉन रोसेन या स्वीडिश सरदाराने पांढऱ्यांना एक विमान भेट दिलं, त्याच्या पंखांवर त्याचं शुभचिन्ह म्हणून निळं स्वस्तिक रंगवलेलं होतं. म्हणजे जर्मनीतल्या नाझी पक्षाने 1920 मध्ये ते उचलण्याच्या आधीची ही गोष्ट. फिनलंडच्या लोककलेतही ते जुनं आहे.

इथवर नेहमीचं उत्तर संपतं. पण पुढचंही सांगायला हवं. फॉन रोसेनची मेहुणी पुढे हेरमान ग्योरिंगची बायको झाली आणि खुद्द फॉन रोसेन स्वीडनमधल्या नाझी वर्तुळांत वावरला. चिन्ह निर्मळ हेतूने आलं असेल, आणणारा तितका निर्मळ राहिला नाही. फिनलंडच्या हवाई दलाच्या मुख्यालयाने आपल्या बोधचिन्हातून स्वस्तिक काढलं ते 2017 मध्ये.

गावातले कामगार या घरात येत होते का?

नाही. अपवाद असतील, पण नियम हाच.

हे नीट समजून घ्या, कारण पर्यटकांच्या माहितीपत्रकात ‘गावाचं सांस्कृतिक केंद्र’ असं छापून मोकळं होतात. रेल्वेचं गाव म्हटल्यावर कामगार आलेच. त्यांच्यातल्या कित्येकांचे भाऊ-बाप 1918 च्या छावण्यांत गेलेले. ज्या राखाडी गणवेशाने आपल्या माणसाला धरून नेलं, त्याच गणवेशाच्या घरात नाटक बघायला कोण जाईल? समाजवादी पक्षाच्या लेखी दल म्हणजे वर्गशत्रूचं हत्यार, आणि दलाच्या लेखी कामगार म्हणजे उद्याचा बंडखोर.

परिणामी सगळं दोन-दोन झालं. दोन घरं, दोन बँड, दोन नाट्यमंडळं, दोन सहकारी दुकानांच्या साखळ्या. धावपटूही दोन महासंघांत वाटले गेले, कामगारांचा क्रीडा महासंघ 1919 मध्ये वेगळा निघाला. दोन्हीकडे नाटकं मात्र बरीचशी सारखीच बसवली जात, आणि नाचाची गाणी तर हमखास. या घराने समाज बांधला हे खरं. बांधला तो अर्धा, आणि उरलेल्या अर्ध्याला बाहेर ठेवूनच तो इतका घट्ट बांधला गेला.

फिनलंडच्या बेसबॉलचा आणि दलाचा संबंध काय?

पेसॅपाल्लो! लाउरी पिहकाला, टोपणनाव ‘ताहको’, हा दलाच्या क्रीडा विभागाचा प्रमुख होता. अमेरिकेत पाहिलेला बेसबॉल त्याला संथ वाटला. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने जुने फिनिश चेंडूखेळ त्यात मिसळून नवा खेळ काढला. यात चेंडू टाकणारा फलंदाजाच्या शेजारी उभा राहून चेंडू सरळ वर उडवतो, आणि धावपटू नागमोडी मार्गाने पळतात. फेकणं, पळणं, आडोसा गाठणं, पटकन निर्णय घेणं. पिहकालाच्या डोक्यात सैनिक तयार करणं होतंच. पुढे हाच फिनलंडचा राष्ट्रीय खेळ झाला. आज सेइनॅयोकी, विम्पेली, आलायार्वी या पट्ट्यात उन्हाळ्यात त्याचं वेड असतं आणि कवायतीचा भाग कोणाच्या ध्यानीमनीही नसतो.

मग हे दल फॅसिस्ट होतं का?

सरसकट ‘हो’ म्हटलं तर चूक, ठासून ‘नाही’ म्हटलं तरी चूक.

सेइनॅयोकीपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर लापुआ आहे. नोव्हेंबर 1929 मध्ये तिथे कम्युनिस्ट तरुणांचा मेळावा भरला. गावकऱ्यांनी हल्ला करून त्यांचे लाल सदरे फाडले. त्यातून लापुआ चळवळ पेटली आणि विहतोरी कोसोला नावाचा शेतकरी तिचा चेहरा झाला. विरोधकांना उचलून, मोटारीत घालून, मारहाण करत सोव्हिएत सीमेवर नेऊन सोडायचं, ही तिची पद्धत. काही जणांचे खून झाले. 7 जुलै 1930 ला बाराएक हजार माणसं हेलसिंकीवर चालून गेली आणि त्या दबावाखाली कम्युनिस्टांवर बंदी घालणारे कायदे झाले. ऑक्टोबरात माजी राष्ट्राध्यक्ष स्टोलबेर्ग यांनाच पत्नीसह पळवून नेलं, तेव्हा मात्र बरेच समर्थक बिचकले.

दलाचे अनेक सभासद या चळवळीत होते, विशेषतः या मुलखात. तेच लोक, त्याच सायकली, तेच सभागृह. पण फेब्रुवारी 1932 मध्ये हेलसिंकीच्या उत्तरेला मॅन्त्सॅलॅ इथे दलाच्याच शस्त्रसज्ज माणसांनी समाजवाद्यांची सभा उधळली आणि सरकारविरुद्ध बंड पुकारलं, तेव्हा खरी परीक्षा झाली. राष्ट्राध्यक्ष स्विनहुवुद स्वतः उजवे, चळवळीच्या पाठिंब्यावर निवडून आलेले. 2 मार्चला ते रेडिओवर बोलले: घरी जा, साध्या माणसांना शिक्षा होणार नाही. दलाचा प्रमुख माल्मबेर्ग सरकारच्या बाजूने राहिला. दलातले बहुसंख्य लोक बंडात उतरले नाहीत. उतरलेले घरी गेले. चळवळीवर तिच्याच मागणीने झालेल्या कायद्याखाली बंदी आली.

म्हणजे दलाच्या आत लोकशाही उलथवू पाहणारे होते, आणि ती उलथू न देणारेही होते. दुसरे जास्त निघाले. 1932 चं युरोप बघता हे थोडं नाही.

गाव पुन्हा एक कधी झालं?

30 नोव्हेंबर 1939 ला सोव्हिएत सैन्य चालून आलं. त्या हिवाळी युद्धाच्या 105 दिवसांत जे घडलं, ते वीस वर्षांत घडलं नव्हतं. सैन्याची जमवाजमव दलाच्या जिल्हा कार्यालयांतूनच झाली. माणसांच्या याद्या, गोदामं, लोट्टांची स्वयंपाकघरं सगळं तयार होतं. एकाच खंदकात लालाचा मुलगा आणि पांढऱ्याचा मुलगा आले.

जानेवारी 1940 मध्ये मालकांच्या महासंघाने कामगार संघटनांना वाटाघाटीतला भागीदार म्हणून पहिल्यांदा मान्यता दिली. फिनिश इतिहासात याला ‘जानेवारीचा साखरपुडा’ म्हणतात, अगदी हाच शब्द. फेब्रुवारीत समाजवादी पक्ष आणि दल यांनी एकमेकांवरची बंधनं उठवली. समाजवादी आता दलात येऊ शकत होते. आणि मान्नरहाइमने 16 मेचं विजयसंचलन बंद केलं. त्याऐवजी मेच्या तिसऱ्या रविवारी दोन्ही बाजूंच्या मृतांचा स्मरणदिन पाळायचं ठरलं. ज्याच्या विजयाचा तो दिवस होता, त्यानेच तो सोडला.

युद्धाच्या वर्षांत सार्वजनिक नाचावर बंदी होती, त्यामुळे सभागृहात गाणी राहिली, भाषणं राहिली, नाच गेला.

1944 नंतर दलाचं काय झालं?

सप्टेंबर 1944 च्या मॉस्को शस्त्रसंधीत ‘फॅसिस्ट स्वरूपाच्या’ संघटना बरखास्त करायची अट होती. 3 नोव्हेंबरला संरक्षक दल विसर्जित झालं, 23 नोव्हेंबरला लोट्टा स्वार्ड. मालमत्ता जप्त होण्यापूर्वी घाईघाईने इतर संस्थांच्या नावे केली गेली. लोट्टांचा निधी महिलांसाठीच्या एका प्रतिष्ठानाकडे गेला, आणि त्यातून पुढे पुनर्बांधणीच्या कामावरच्या मजुरांसाठी खानावळी चालल्या. पातेली तीच होती. काही अधिकाऱ्यांनी देशभर शस्त्रं लपवून ठेवली, ते प्रकरण फुटलं आणि सुमारे दीड हजार जणांना शिक्षा झाली.

गावात मात्र शांतता पसरली. बिल्ले चुलीत गेले किंवा माळ्यावर. लोट्टा होते हे कित्येक बायकांनी चाळीस वर्षं नातवंडांनाही सांगितलं नाही. सोव्हिएत युनियन कोसळल्यावर, 1990 च्या दशकात, या पोशाखांवरची धूळ झटकली गेली. कधी गरजेपेक्षा जास्तच, कारण गौरवाच्या भाषणांत 1918 चं पान पटकन उलटलं जातं.

आता तिथे गेलं तर काय बघायचं?

आल्तोच्या त्या घरात दल आणि लोट्टा यांचं संग्रहालय झालं. गणवेश, बिल्ले, स्वयंपाकाची मोठी भांडी, छायाचित्रं. आपल्या मुलांना घेऊन जात असाल तर स्वस्तिकाचं आधी समजावून सांगा, नाहीतर तिथे मोठ्याने विचारतील. वेळापत्रक निघण्यापूर्वी तपासा, हिवाळ्यात इथल्या लहान संग्रहालयांचा भरवसा नसतो.

तिथून चालत आल्तोच्या नंतरच्या चौकात जाता येतं: 1960 चं ‘मैदानाचा क्रूस’ चर्च, त्याचा 65 मीटरचा मनोरा, निळ्या फरशांचं नगरभवन, पंख्यासारखं उघडणारं 1965 चं ग्रंथालय. शेवटची वास्तू नाट्यगृह, ती 1987 मध्ये पूर्ण झाली. आल्तो जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. जुलैत गेलात तर गावात टँगोचा महोत्सव असतो, रस्त्यांवर हजारो लोक नाचतात. तिकिटं आणि राहायची जागा त्या आठवड्यात आधीपासून बघून ठेवा.